चार नंबरचा वाफा

चमचा घरचाच होता — दांड्याला मध्येच एक बाक, बाकाखाली तीन बारीक ओरखडे, जे तिनेच लहानपणी दातांनी पाडले असं घरात सांगितलं जाई — आणि तो चार नंबरच्या वाफ्यात, ज्यात तीन वर्षं कुणी काहीही करायचं नव्हतं, पाऊलसुद्धा ठेवायचं नव्हतं, मान ताठ करून उभा होता. तिने तो उपटला नाही. नुसती बघत राहिली... सहा महिन्यांपूर्वी याच चमच्यासाठी आईने स्वयंपाकघर पालथं घातलं होतं, आणि बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले होते, जाईल कुठे, असेल इथेच.

इथेच.

बंद पडलेल्या कारखान्याच्या मागच्या, आता पाडलेल्या शेडखालची ही जमीन चाळीस वर्षं यंत्रांचं जळकं तेल प्यायली होती. तिने त्यातले चार तुकडे आखले. एकाला तेल खाणारे जिवाणू दिले. दुसऱ्याला मळी — साखर कारखान्यात उरते ती, काळी, चिकट — म्हणजे मातीतल्या मूळच्या जिवाणूंनी जरा अंग धरावं. तिसऱ्यात लांब मुळांचं गवत. आणि चौथ्याला काही नाही. चौथा नुसता तुलनेपुरता. त्याने होतं तसं घाण राहायचं, एवढंच त्याच्याकडून अपेक्षित होतं, आणि तेवढंही त्याला जमलं नव्हतं.

सकाळी साहेबांचा फोन आला तेव्हाच खरं तर तिचं डोकं फिरलं होतं. "अगं, चार नंबर सगळ्यांत स्वच्छ आलाय," साहेब म्हणाले. मग, विचार करत असल्यासारखं, "म्हणजे काहीच न करणं हा उत्तम उपाय दिसतोय. आज चार वाजताच्या बैठकीत संपवून टाकू. सिमेंट ओतू." सिमेंट ओतणं म्हणजे काहीच न करणं, हे साहेबांना इतकं उघड वाटत होतं की क्षणभर तिलाही ते पटल्यासारखं झालं. बरं म्हणाली. कोटी कोटी जिवाणू, तीन वर्षं खाऊपिऊ घातलेले, वरून लादी पडणार, आणि मी म्हणाले बरं...

ती वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली. चार नंबरची माती भुसभुशीत होती. कुणीतरी ती रोज, चिमूट चिमूट, मन लावून उकरली होती. चमच्याने. तिच्याकडे यंत्र होतं उकरायला, परवानगीच्या सात सह्या लागलेलं.

कुणीतरी कशाला म्हणायचं. घरात एकच माणूस होता जो केळंसुद्धा फूटपट्टी लावून कापायचा. तिला ताप आला की दादालाही कडू औषध मिळे — याच चमच्याने — कारण एकालाच द्यायचं म्हणजे काय. ती वर्गात पहिली आली त्या वर्षी दादा नापास झाला, तर बाबांनी दोघांच्या पाठीवर सारख्याच जोराची थाप मारली, आणि ती शाबासकी होती की सांत्वन, हे दोघांनाही आजवर कळलेलं नाही. अशा माणसाला आपण रोज डबा घेऊन इथे येऊ दिलं. तीन वाफ्यांना वाढलेलं आणि चौथ्याचं पान कोरडं, हे त्याला दाखवलं. चूक कोणाची... चूक माझीच, पण म्हणून काय झालं.

एकच्या सुमाराला फाटकावरच्या रखवालदाराने जुन्या सवयीने सलाम ठोकला आणि बाबा आत आले. तीस वर्षं इथेच नोकरी केलेली; चालताना अजून, नसलेल्या यंत्रांना वळसा घालत. डबा ठेवला. चमच्याकडे पाहिलं. मग आभाळाकडे.

"बाबा, हे काय आहे?"

"चमचा."

"ते दिसतंय मला. इथे काय करतोय?"

"काल विसरलो बहुतेक." ते डबा उघडू लागले. "मुंगे, जेवून घे आधी. निवतंय."

"काय घालत होता तुम्ही यात?"

"तुझ्या पिंपातली मळी. फार नाही गं."

"अहो, त्याला काही द्यायचं नव्हतं. काही न देणं हाच प्रयोग होता. हजारदा सांगितलंय."

"सांगितलंस. पण सगळ्यांना देतेस आणि त्याला नाही. त्याने काय घोडं मारलंय?"

तिने डोळे मिटून घेतले. हेच वाक्य, अगदी याच शब्दांत, येणार हे सकाळपासून माहीत होतं आणि तरी ते यायला नको होतं. आता चार वाजता सांगायचं काय — की माझ्या वडिलांना वाफ्याची दया आली? की गप्प बसायचं आणि सिमेंट बघायचं? केळं, थाप, औषध, आणि आता माती. हा माणूस एक दिवस—

"तशी ती जागा माझीच," बाबा म्हणाले. ते डब्याच्या झाकणाशी बोलत असल्यासारखे. "माझं यंत्र इथे होतं. शनिवारी तेल बदललं की बादली इथेच उपडी करायची. तेव्हाचे साहेब म्हणायचे, माती पिते. प्यायची खरी." मग झाकण बाजूला ठेवत, "तू चिठ्ठ्या टाकून काहीच न देण्यासाठी नेमका हाच तुकडा काढलास. मी काय बोलणार."

तिला काहीतरी बोलायचं होतं. सकाळपासून ते तोंडात तयार होतं, चांगलं धारदार, आणि आता शोधलं तर सापडेना... राग होता, नाही असं नाही, पण ठेवला होता त्या जागी नव्हता. चमचा तिने उपटला. त्याला लागलेली माती बोटांत चुरडली, वास घेतला. तेलाचा वास नव्हता. मातीचा होता. यानेच खरं तर जास्त डोकं फिरायला हवं होतं.

तिने वही काढली. चार नंबरच्या पानावर तीन वर्षांपूर्वीच्या तिच्याच नीटस अक्षरात लिहिलं होतं: काहीही केलेले नाही.

"रोज किती चमचे?" तिने विचारलं. आवाज चिडकाच निघाला.

"तीन."

"सपाट की शिगोशीग?"

बाबांना हा प्रश्न थोडा लागला. "सपाट," ते म्हणाले. "बोटाने निरपून."

"कधी?"

"तुझं जेवण झाल्यावर."

म्हणजे आपण हात धुवायला जायचो तेव्हा, रोज, सहा महिने, पाठीमागे... पेन 'काहीही'वर टेकलं. हे खोडलं की तुलनेला काही उरत नाही. न खोडावं तर चार वाजता सिमेंट. पेन तिथेच राहिलं, शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत गेला, आणि तिच्या लक्षात आलं की आपण विचार बैठकीचा करत नाही आहोत — आज अजून या वाफ्याचे तीन चमचे राहिलेत, याचा करतो आहोत.