जिवंत आईला काळा दोरा

"काळा दोरा ओव," अनाथशाळेच्या संचालिका मिसेस आर्मिटेज म्हणाल्या. "आणि हे लाल उसव."

केझाया जागची हलली नाही. अकरा वर्षांची पोर. मांडीवर भरतकामाचा नमुना, लिननचा तुकडा, त्यावर आठ महिने खपून भरलेली अक्षरं, आकडे आणि देवाच्या उपकाराच्या चार ओळी. सगळ्यात खाली घरच्यांची आद्याक्षरं. जिवंत माणसं लाल दोऱ्यात, गेलेली काळ्यात. यॉर्कशरच्या पोरींना अक्षरओळख होण्याआधी हे ठाऊक असतं. बाप काळ्यात होता. शेजारी आई, जे. एच., लालभडक, 'एच'चा एक पाय तेवढा भरायचा राहिलेला.

"आई जिवंत आहे माझी. रविवारीच फाटकाशी येऊन गेली."

"मला माहीत आहे. पाहुण्यांना कशाला सांगायचं?" बाईसाहेब शिवणाच्या बाईंकडे वळल्या. "टॅबिथा, शनिवारी देणगीदार येणार. आईबाप दोन्ही नाहीत म्हटलं की त्यांना जास्त दया येते. त्यांतल्या मिसेस सटक्लिफना चादरी-रुमालांवर अक्षरं भरायला पोरगी हवी आहे. पण मागे आईचं लटांबर नको."

टॅबिथाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं ती या अनाथशाळेत सुई शिकवत होती, आणि वाढलीही इथंच. तिच्या वेळीही हेच फर्मान निघालं होतं. तिनं निमूटपणे आईला काळ्यात घातलं. आई नमुना पाहायला आली. तिला वाचता येत नव्हतं. नावाची दोन अक्षरं तेवढी ओळखायची. रंग तर आंधळ्याखेरीज सगळ्यांनाच कळतो. "मी मेले कधी गं?" एवढंच विचारून ती गेली, ती पुन्हा आलीच नाही. आणि ही म्हणे दया!

"बाईसाहेब, लेकीच्या हातून आईला पुरता, आणि वर देवाचे उपकार भरायला लावता? लाज नाही वाटत?"

"जीभ आवर. इथलं अन्न खातेस तू."

"माझ्या बोटांचं खाते. तुमच्या दिवाणखान्यातला एकेक रुमाल या पोरींनी भरलाय. तुम्हाला दोऱ्याला गाठ तरी मारता येते का?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मिसेस आर्मिटेजचा चेहरा लालबुंद झाला. पण बाईसाहेब पक्क्या होत्या. टॅबिथाला सोडून त्या पोरीकडे वळल्या.

"काळा भरलास तर सोमवारी सटक्लिफांकडे. उबदार माडी, रोज मांस. नाही भरलास तर शनिवारीच आईकडे चालती हो."

आपला राग फुकटचा, त्याची झळ मात्र पोरीला, हे टॅबिथाच्या आत्ता ध्यानात आलं, आणि स्वतःचाच तिला संताप आला. ती केझायापाशी गुडघ्यांवर बसली.

"माझ्या बोलण्यावर जाऊ नकोस, बाळ. चांगली जागा आहे. तूच ठरव."

"आईला दिसेल ना, बाई?"

"कधी ना कधी दिसेल."

"मग तिला वाटेल, मलाच ती नकोय."

टॅबिथानं हो म्हटलं. खोटं बोलायची तिची छाती झाली नाही. केझायानं सुईत लाल दोरा ओवला आणि 'एच'चा उरलेला पाय पुरा केला.

शनिवारी पुढच्या दारानं बग्ग्या येत असताना टॅबिथा तिला मागच्या फाटकाशी घेऊन गेली. केझायाची आई जेमायमा परटिणीच्या कामावरून धावत आली होती. सगळं ऐकून तिनं कपाळावर हात मारला.

"गाढवे! घालायचा होतास काळा! मी काय लगेच मेले असते? आता माझ्यासारखीच जन्मभर लोकांची धुणी बडव!"

केझाया रडायला लागली. टॅबिथानं नमुना उलगडून स्वतःच्या एप्रनवर धरला. जेमायमा आणखी काहीतरी बोलणार होती. तिची नजर तळाच्या लाल अक्षरांवर गेली आणि ती थांबली.

"धर ना हातात," टॅबिथा म्हणाली. "तुझाच आहे."

"नको बाई. हात निळीचे आहेत. डाग पडेल."

तिनं दोन्ही हात पाठीमागे धरले आणि वाकून बराच वेळ पाहत राहिली.