चिठ्ठीवरचं अक्षर

नवजात विभागाच्या बैठकीत परिचारिका सुनिल्दानं कोऱ्या चिठ्ठ्या टेबलावर सरकवल्या.

"बाळांना ताप का येतोय, ते प्रत्येकानं लिहायचं. नाव घालायचं नाही. मी वाचेपर्यंत कुणी बोलायचंही नाही."

"परीक्षाच की!" डॉक्टर बारेरो हसले. "अगं, मी सांगतो ना. भेटायला येणाऱ्या आज्या. कुठले कुठले हात घेऊन येतात आणि गालगुच्चे घेतात."

एरवी चर्चा इथेच संपायची. वीस वर्षं नवजात विभाग डॉक्टरांच्या शब्दावर चालला होता. पण पंधरवड्यात तीन बाळं तापानं फणफणली होती, आणि आज सकाळी त्यांतलं एक गेलं होतं.

"तेच लिहा, डॉक्टर," सुनिल्दा म्हणाली. राजधानीत, असुनसिओनला झालेल्या प्रशिक्षणात ही पद्धत किती सोपी वाटली होती!

नेहमी हातोहात फिरणारा तेरेरेचा, थंडगार पाल्याच्या चहाचा, पेलाही कुणी पुढे केला नाही. शिकाऊ डॉक्टर देरलिसनं झटकन लिहिलं. सफाईचं काम करणाऱ्या एउलोहियांनी – सगळे त्यांना मानानं 'न्या एउलोहिया' म्हणत – चिठ्ठी तशीच कोरी परत दिली. डॉक्टरांनी सर्वांत जास्त वेळ घेतला.

पहिली चिठ्ठी देरलिसच्या सुबक अक्षरात होती: 'भेटायला येणारे नातेवाईक.' डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली नाही.

दुसरीवरचं, औषधांच्या चिठ्ठ्यांवर रोज दिसणारं ते गिचमिड अक्षर या दवाखान्यात फक्त सुनिल्दाला लागायचं. न अडखळता तिनं वाचलं, "घाई असली की मी एका पाळण्याकडून दुसऱ्याकडे हात न धुताच जातो."

"कुणी लिहिलंय हे?" देरलिस ताडकन म्हणाला.

"ते विचारायचं नाही. फक्त 'का' विचारायचं." तिनं कुणाकडेच पाहिलं नाही. "का?"

पंख्याखाली कागद फडफडत राहिले.

"आतलं बेसिन बंद आहे ना," न्या एउलोहिया पुटपुटल्या. "ईस्टरपासून. बाहेरच्या नळापर्यंत चाळीस पावलं पडतात."

"मग ते दुरुस्त का झालं नाही?"

"सांगितलं होतं, बाई. तीनदा." त्यांनी ॲप्रनचं टोक मुठीत धरलं. "आता जाऊ दे."

"मला सांगितलं होतं," डॉक्टर बारेरो म्हणाले.

देरलिस खाली बघू लागला. सुनिल्दानं चिठ्ठ्या गोळा करायला हात पुढे केला.

"थांब," डॉक्टर म्हणाले. "अजून एक 'का' राहिलाय. विचार."

तिनं त्यांच्याकडे बघून विचारलं, "तीनदा सांगूनही, का?"