टिपणांवरचं नाव

"सुटलात ताई, एकदाच्या सुटलात!"

चर्चचे सेक्रेटरी दारातूनच म्हणाले. ताईंनी मान वर केली नाही. स्पिरिटच्या दिव्यावर मेण नुकतं मऊ झालं होतं आणि त्यात खालच्या जबड्याचे पुढचे सहा दात बसवायचे होते. मेण थांबत नाही, माणसं थांबतात, हे एकतीस वर्षं कवळ्या बनवून त्यांना पक्कं ठाऊक झालं होतं.

"बसा ना. हेडमास्तर काय म्हणाले?"

"बसत नाही, घाईत आहे. हेडमास्तर कबूल झाले! बुधवारचा वर्ग तुमच्याकडेच. फक्त पाळकसाहेबांची जुनी टिपणं वाचायची, जशीच्या तशी. पदरचं काही घालायचं नाही, कुणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचं नाही. वाचणं म्हणजे शिकवणं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे सापही मेला आणि काठीही शाबूत! रविवारी पंचांसमोर तुम्ही नुसतं 'हो' म्हणा, की मिटलं."

सेक्रेटरी आले तसे गेले. भला माणूस, पण भांडणाचा वास आला की आधी पळवाट शोधायचा. आता ती पळवाट ताईंच्या पदरात टाकून तो मोकळा झाला होता.

ताईंनी हातातल्या साच्याकडे पाहिलं. सुळा उलटा बसला होता.

दातांच्या दवाखान्याच्या मागच्या या खोलीत त्यांचा जन्म गेला होता. भिंतीला लागून प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर पेन्सिलीनं नंबर. चर्चच्या मंडळीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे दात इथूनच गेलेले. म्हणून मागे त्यांना कोणी कवळीताई म्हणायचं, तोंडावर नुसतं ताई. शिक्षण शाळेपुरतं. पण वीस वर्षं दर बुधवारी पाळकसाहेबांच्या पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, वर्गात पहिल्या रांगेत बसून त्यांनी वह्यांवर वह्या भरल्या होत्या.

अडीच वर्षांपूर्वी पाळकसाहेबांना झटका आला. उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. वर्ग बंद पडू नये म्हणून त्यांनी ताईंना बोलावलं. ते तुटक तुटक सांगत, पाळकीणबाई लिहून घेत आणि ताई बुधवारी ते वर्गात वाचत. बाया-पुरुष मिळून तीसेक माणसं यायची. बाई वाचते आहे याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण शब्द पाळकसाहेबांचे होते.

पुढे साहेबांना शब्दच सापडेनासे झाले. एका मंगळवारी पाळकीणबाईंनी अर्धंच पान हातात दिलं. डोळे पुसत म्हणाल्या, "एवढंच झालं गं. पुढचं तू बघ." ताईंनी पुढचं पाहिलं. नंतरच्या आठवड्यात पान कोरंच आलं. तेव्हा त्यांनी आख्खं टिपण स्वतः लिहिलं आणि साहेबांना वाचून दाखवलं. साहेबांनी खुर्चीच्या हातावर एकदा बोट वाजवलं. एकदा म्हणजे ठीक, दोनदा म्हणजे पुन्हा लिही, असं मग ठरूनच गेलं. सुरुवातीला दोनदा बरेचदा वाजायचं.

सेक्रेटरी ती टिपणं टाइप करून वाटत. वर ठळक अक्षरांत 'पाळकसाहेबांची टिपणं'. ताईंनी स्वतः लिहिलेल्या टिपणावर ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सांगायला तोंड उघडलं होतं. पण पाळकीणबाई शेजारी उभ्या होत्या, आणि त्या कागदाकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं, की ताईंनी तोंड मिटलं. एकदा मिटलं ते मिटलंच. दोन वर्षं झाली.

गेल्या महिन्यात साहेब रीतसर निवृत्त झाले. नवे पाळक अजून यायचे होते. टिपणं टाइप होणं थांबलं, ताई नुसत्या वहीवरून बोलू लागल्या. तेव्हा एका बसड्रायव्हरनं विचारलं, "ताई, या वचनाचा अर्थ आमच्यासारख्यानं कसा घ्यायचा?" ताईंनी सांगितलं. हेडमास्तर तिसऱ्या रांगेत बसत. ते उठले, शांतपणे पुस्तक मिटलं आणि निघून गेले. ते स्वतःही पंचांपैकीच; दुसऱ्या दिवशी बाकीच्या पंचांकडे त्यांचं पत्र आलं. स्त्रीनं पुरुषांना शास्त्र शिकवावं का, याचा निकाल लागेपर्यंत वर्ग थांबवावा.

संध्याकाळी घरी सगळं ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"अगं, त्या हेडमास्तराला दात तू दिलेस आणि तो तुलाच चावतोय!"

"आई, ते वाईट नाहीत हो. त्यांना जसं दिसतं तसं बोलतात."

"मग तू 'हो' म्हण. वाच त्यांच्या फाईलीतलं. तुझंच आहे ना? कुणाला कळतंय?"

तीच तर मेख होती. हेडमास्तर ज्यांना गुरूचे शब्द म्हणून जपत होते, ती बहुतेक सगळी टिपणं ताईंची होती. 'हो' म्हटलं तर स्वतःचेच शब्द, खाली मान घालून, दुसऱ्याचे म्हणून वाचता आले असते. वर्ग टिकला असता. खरं सांगितलं तर वर्ग जाणार होता, वर खोटारडी हे नाव पडणार होतं, आणि साहेबांच्या म्हातारपणी त्यांच्याकडेही बोटं दाखवली जाणार होती.

नवरा लिफ्टचा कारागीर, मुलखाचा अबोल. तो चहाचा कप धूत होता. पाठ न वळवता म्हणाला, "मधे अडकलेल्या माणसाला वर नेलं काय, खाली नेलं काय, त्याला चालतं. लटकत राहणं मात्र कुणाला सोसत नाही."

"म्हणजे काय करू?"

"ते तू बघ. तीन दिवस भाजीत मीठ नाहीये, एवढंच मला कळतं."

रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या बाजूच्या खोलीत सभा बसली. लांब टेबल, त्याभोवती सात पंच. मधल्या खुर्चीवर हेडमास्तर, ताठ, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बंद, समोर जाडजूड फाईल. सात जणांत एकच बाई, सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई. कोपऱ्यात आरामखुर्चीत पाळकसाहेब, शेजारी पाळकीणबाई. त्यांना निरोपाचा मान म्हणून बोलावलं होतं.

हेडमास्तर उभे राहिले. "ताईंबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार असती तर हे सोपं झालं असतं. पण स्त्रीनं पुरुषांना शिकवू नये, असं पौलानं लिहून ठेवलंय. ते मला आवडतं की नाही, हा प्रश्नच नाही. लिहिलंय ते लिहिलंय."

"आणि त्याच शास्त्रातला तो तंबू शिवणारा आणि त्याची बायको?" नर्सबाईंनी विचारलं. "त्या दोघांनी एका विद्वान उपदेशकाला घरी नेऊन नीट समजावून सांगितलं. तेही लिहिलंयच की."

"घरी नेऊन. मंडळीत नव्हे. आणि नवऱ्यासोबत."

"बरं. आणि दर रविवारी शंभर मुलांना शास्त्र शिकवतात त्या कोण? सगळ्या बायाच ना?"

"ती मुलं आहेत."

"मग सर, तुम्ही एवढी वर्षं शाळा चालवलीत. सांगा, कितव्या वर्षी मुलग्यांना आमचं ऐकू यायचं बंद होतं?"

दोघं-तिघं हसले. हेडमास्तरांच्या मिशीखालीही काहीतरी हललं, पण त्यांनी ते आवरलं. "म्हणूनच मी मधला मार्ग सुचवलाय. आपल्या साहेबांची ही टिपणं," त्यांनी फाईलवर हात ठेवला, "यांच्या तोडीचं मी आयुष्यात वाचलेलं नाही. ताईंनी ती वाचावीत. साहेबांचा अधिकार, ताईंचा आवाज. ताई, तुमची हरकत नाही ना?"

सेक्रेटरींनी टेबलापलीकडून जोरजोरात मान हलवून 'हो म्हणा' अशी खूण केली.

ताई उभ्या राहिल्या. "सर, त्यातली पहिली वीसेक साहेबांची आहेत. बाकीची माझी."

"तुमच्या हस्ताक्षरात असतील, ते ठाऊक आहे."

"हस्ताक्षरात नाही, सर. मी लिहिलेली. साहेबांना बोलणं जमेनासं झालं तेव्हापासून. मी लिहून त्यांना वाचून दाखवायची. वरचं नाव चुकीचं पडलं, आणि मी दोन वर्षं ते दुरुस्त केलं नाही. ती चूक माझी. साहेबांची नाही, पाळकीणबाईंची नाही. तुम्ही त्यांचे शब्द म्हणून वाचत होतात आणि मी गप्प बसले. त्याची मी माफी मागते."

बाहेर कुणीतरी सायकल स्टँडला लावल्याचा आवाज आत आला. सेक्रेटरींनी डोळे मिटून घेतले होते.

हेडमास्तरांनी आरामखुर्चीकडे पाहिलं. "साहेब, हे खरं?"

पाळकसाहेबांचं बोट खुर्चीच्या हातावर एकदा वाजलं. मग त्यांना वाटलं असावं, की एवढ्यानं भागणार नाही. त्यांनी ओठ जुळवले. सगळे थांबले. बराच वेळ गेला.

"ति... तिचं," ते म्हणाले. आणि घाम पुसावा तसा डाव्या हातानं चेहरा पुसला.

हेडमास्तर खाली बसले. त्यांनी फाईल उघडली, एक एक कागद मागे टाकत गेले आणि एका पानावर थांबले. कागदाच्या कडा हाताळून मऊ पडलेल्या, खाली लाल पेन्सिलीच्या रेघा.

"हे?" त्यांनी कागद फिरवून ताईंपुढे सरकवला. "हेही तुम्ही?"

ताईंनी पाहिलं. भाऊ गेल्यावर प्रभूवर रागावलेल्या बहिणीवरचं टिपण होतं. उशीर केलात, असं ती त्याला तोंडावर म्हणते. ताईंनी लिहिलं होतं, की हा रागही प्रार्थनाच आहे, आणि प्रभूनं तिला गप्प बसवलं नाही, आधी ऐकून घेतलं. शेवटच्या ओळीखाली रेघ दोनदा ओढलेली होती. हेडमास्तरांची पत्नी गेली त्याच महिन्यातलं टिपण होतं ते.

"हो, सर. मीच."

"मला वाटायचं, साहेबांनी माझ्यासाठी लिहिलंय."

"तुमच्यासाठीच लिहिलं होतं," ताई म्हणाल्या. "तुम्ही त्या दिवसांत गाणी म्हणायचं सोडलं होतंत. रविवारी उपासनेत मी पहिल्या रांगेत असायची. मागून तुमचा आवाज येईनासा झाला, ते कळत होतं."

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आवाज मात्र त्यांनी वर्गात लावावा तसाच लावला. "माझं मत बदललेलं नाही. वचन मला जसं दिसतं तसं दिसतं, आणि एका कागदानं ते बदललं तर माझ्या मताला किंमत काय राहिली? पण आज मी मत देणार नाही. या कागदावर मी दोन वर्षं काढलीत. याच्याविरुद्ध हात वर केला तर तोही खोटेपणाच होईल. बाकीच्यांनी ठरवावं."

बाकीच्या सहांनी ठरवलं. वर्ग चालू ठेवायच्या बाजूनं चार हात, विरुद्ध दोन. विरोधातला एक पंच जाता जाता म्हणाला, "ताई, राग धरू नका. आणि माझी वरची कवळी जरा सैल झालीय, ती गुरुवारी आणू का?"

"आणा की," ताई म्हणाल्या.

सेक्रेटरींनी खिशातून पेन काढलं. "मग आता वर काय टाइप करू?"

"माझं नाव टाका," ताई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर त्या पायरीवरच बसल्या. छातीवरचं ओझं असं उतरलं होतं, की त्यांना उगीचच हसू येत होतं. पाळकीणबाई येऊन शेजारी टेकल्या.

"वाईट वाटलं का तुम्हाला?" ताईंनी विचारलं. "साहेबांचं नाव निघालं म्हणून?"

पाळकीणबाईंनी पदर सारखा केला. "वाटलं," त्या म्हणाल्या. "दर आठवड्याला तो कागद आला की वाटायचं, हे अजून बोलतायत. खोटं होतं, मला ठाऊक होतं, तरी वाटायचं." त्यांनी ताईंचा हात हातात घेतला. "पण गं, आज ते खरंच बोलले. किती महिन्यांनी."

बुधवारी वर्गाला माणसं नेहमीपेक्षा थोडी जास्त होती. सासूबाई पुढच्या रांगेत तोऱ्यात बसल्या होत्या. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी होती. ताईंनी तिकडे दोनदा पाहिलं, मग पाहायचं नाही असं ठरवलं आणि वही उघडली.

बसड्रायव्हर हळूच म्हणाला, "ताई, सर आलेत. बाहेर बसलेत."

ताई खिडकीशी गेल्या. व्हरांड्यातल्या बाकावर, खिडकीला अगदी लागून, हेडमास्तर बसले होते. पांढरा शर्ट, मांडीवर उघडं शास्त्र.

"सर, आत या ना. खुर्ची आहे."

"नको. इथं बरं आहे," ते समोर बघत म्हणाले. "आत बसलो तर माझ्या मनाला पटणार नाही. आणि घरी बसवत नाही. तुम्ही चालू करा."

ताईंनी आग्रह केला नाही. त्या परत टेबलापाशी आल्या आणि नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं बोलू लागल्या. पहिला उतारा वाचायला त्यांनी बसड्रायव्हरला सांगितलं. त्यानं बोटानं ओळ धरून सुरुवात केली.

"अध्याय चौदावा..."

"पंधरावा!" बाहेरून आवाज आला.

वर्गात हशा पिकला. ताईंनी वहीत पाहिलं. खरंच पंधरावा होता.

"बरोबर आहे, सर," त्या खिडकीकडे बघून म्हणाल्या. "पंधरावा."

आणि आत-बाहेर सगळ्यांनी पान उलटलं.