बशीबाहेरची गोळी

हिरव्या वर्तुळाच्या कडेपासून दहाव्या भोकापर्यंत एक सेंटिमीटर अंतर होतं. आसावरीने पट्टी लावून मोजलं. भोक उजवीकडे, जरा खाली होतं, घड्याळात चार वाजतात त्या बाजूला. बाकीची नऊ भोकं वर्तुळाच्या मधोमध, सांडलेल्या मोहरीसारखी एकमेकांना चिकटून होती.

दिवाळीला आठवडा उरला होता आणि कतारमधल्या अल सद्दच्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर तिने सकाळपासून उपसायला काढलं होतं. प्रताप दर शुक्रवारी शूटिंग क्लबमधून आणायचा ते जाड निशाण-कागद तिने वर्षानुवर्षं फळ्यांवर घातले होते, छापील बाजू खाली करून. मसाल्याच्या डब्यांखाली ते छान बसत. आज बदलताना एक उलटा झाला, म्हणून हे दिसलं.

तिने दुसरा कागद उलटा केला. त्यावर हिरवं वर्तुळ नव्हतं. दहाच्या दहा भोकं मधोमध होती. तिसराही तसाच. हळदीचे डाग पडलेल्या चौथ्या कागदावर पुन्हा हिरवं वर्तुळ होतं, आत नऊ भोकं, आणि चारच्या बाजूला, सेंटिमीटरभर बाहेर, एक.

आसावरी ओट्याला टेकली. भारतीय शाळेत नववीच्या मुलांना ती दरवर्षी हेच शिकवायची, की चुका चहूकडे विखुरल्या असतील तर हात कापतोय असं समजा. पण चूक दरवेळी एकाच जागी पडत असेल, तर कारण शोधा.

हिरव्या वर्तुळाचा अर्थ तिला ठाऊक होता. ती चहाच्या बशीची कड होती, बू जासिमच्या.

बू जासिम, म्हणजे जासिमचे वडील, प्रतापच्या कंपनीतले जुने कतारी सुपरवायझर, आता निवृत्त. मुलाच्या नावावरून हाक मारायच्या तिथल्या रीतीने ते प्रतापला बू श्रेयस आणि आसावरीला उम् श्रेयस म्हणत. त्यांच्या वडिलांचा मोत्यांचा व्यापार होता. लहानपणाची काही वर्षं त्यांनी मुंबईत काढली होती आणि तिथली हिंदी अजून त्यांच्या जिभेवर होती. प्रताप नाशिकला कॉलेजात एनसीसीत नेमबाजी करायचा, हे कळल्यावर त्यांनी त्याला पकडलंच. थंडीत ते वाळवंटात सशांच्या शिकारीला जात. बरोबर नेण्याआधी त्यांचा एक कायदा होता. सप्टेंबरपासून दर शुक्रवारी सराव, आणि मोसमाआधी परीक्षा. दहा गोळ्या मारायच्या. चहाच्या छोट्या पेल्याखालची बशी निशाणावर ठेवायची, तिच्या कडेने हिरव्या पेनाने रेघ मारायची. दहाही आत आल्या तर शिकारीला चल, नाहीतर पुढच्या वर्षी. परीक्षा ते स्वतःही द्यायचे.

"जिसका हात कच्चा, वो जानवर मारता नहीं, ज़ख़्मी करता है," ते म्हणायचे. "ज़ख़्मी ख़रगोश कहाँ जाके मरता है, मालूम? किसी को नहीं मालूम. वो गुनाह है."

प्रताप सहा वर्षं नापास होत होता. दरवर्षी एका गोळीने.

आणि दरवर्षी त्या संध्याकाळी आसावरी साजूक तुपातला शिरा करून त्याची समजूत काढत होती.

गुरुवारी दुपारी प्रताप जेवून उठला, तेव्हा तिने ताज्या चिवड्याच्या वाटीबरोबर ते कागद त्याच्यापुढे ठेवले.

"अहो, हे काय आहे?"

"टार्गेट पेपर." त्याने चिवड्याचा घास घेतला. "मीठ जरा कमी पडलंय गं."

"मीठ बरोबर आहे. विषय बदलू नका. हा चौथ्या वर्षीचा, हा गेल्या वर्षीचा. दोन्हीकडे एकच गोळी बाहेर, एकाच जागी, तेवढ्याच अंतरावर. पन्नास मीटरवरून."

"योगायोग."

"योगायोग असा सेंटिमीटर मोजून येत नाही. इतकं नेमकं चुकायला किती नेम लागतो, मला सांगा."

 प्रतापच्या ओठांच्या कडेला हसू आलं. शाळेच्या भिंतीवरून उडी मारताना सापडलेल्या पोराचं असतं तसं.

"दहावी जास्त अवघड असते," तो म्हणाला. "बाहेर पाडायची, पण फार बाहेर नाही. नाहीतर म्हाताऱ्याला संशय येईल."

"आणि सहा वर्षं मी शिरा ढवळतेय!"

"शिरा छानच व्हायचा."

तिने त्याच्या पाठीत हलकी चापट मारली आणि शेजारी बसली. "का पण? आवडत नाही का तिकडे जायला?"

"शुक्रवार फार आवडतात." तो कागदावरच्या भोकांवरून बोट फिरवत राहिला. "श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं. ट्रिगर ओढायचा नाही, नुसता दाबत न्यायचा. तेवढा वेळ डोक्यात काही नसतं गं, ऑफिस नाही, काही नाही. पण समोर कागद असतो म्हणून. ससा नाही मारता येणार मला. मला माहीत आहे."

"मग सांगायचं ना त्यांना."

"काय सांगू? म्हणतील, मटण खातोस ना. खातोच की मी. दर शुक्रवारी मागून घेऊन खातो." त्याने कागद पुन्हा उलटा केला. "आणि तुझ्या ऑपरेशनच्या वेळी त्यांच्या घरून महिनाभर डबा आला. श्रेयसला रोज शाळेत सोडायला त्यांची गाडी यायची. त्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? पहिल्या वर्षी उत्साहात हो म्हणून बसलो. मग वाटलं, नापास झालेलं बरं. त्यांनाही वाईट वाटायला नको."

आसावरीला हसू आलं, आणि नवऱ्याची दयाही. दाराशी आलेल्या सेल्समनला नको म्हणता येत नाही म्हणून या माणसाने घरात तीन मिक्सर आणले होते.

"अहो, पण त्यांना वाईट वाटतंच आहे," ती म्हणाली. "परवा फोन आला होता. मला म्हणाले, उम् श्रेयस, माझ्या शिकवण्यातच काहीतरी चुकतंय. तुमच्यासाठी बूट आणलेत त्यांनी. गुडघे आता एवढाच एक मोसम साथ देतील म्हणत होते. मुलं तर परदेशातून येतच नाहीत."

प्रतापने चिवड्याची वाटी बाजूला सरकवली.

"या वेळी दहावी आत मारा," ती म्हणाली. "आणि मग नाही म्हणा. नेम चुकवून नाही म्हणू नका, नेम लावून म्हणा."

"बघू."

"'बघू' म्हणजे तुमचं काय असतं, ते मला पंधरा वर्षं माहीत आहे."

शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर, तीही क्लबवर गेली. ऊन उतरलं होतं. मातीच्या उंच बांधापुढे निशाणांची रांग होती. बू जासिम काठी टेकत आले, पायात नवे बूट, हातात तसल्याच बुटांचं दुसरं खोकं.

"उम् श्रेयस! आज तुम आया, आज ये पास होगा, इन्शाल्ला. देख बू श्रेयस, नाप बराबर है कि नहीं."

बूट प्रतापला अगदी बरोबर बसले. तो दोन पावलं चालला आणि आसावरीकडे बघायचं त्याने टाळलं. तेव्हाच तिला कळलं, याचा धीर सुटतोय.

बू जासिमनी आधी स्वतःची परीक्षा दिली. त्यांना झोपून पुन्हा उठायला प्रतापचा हात लागला, पण दहाही गोळ्या आत होत्या. मग प्रताप चटईवर पालथा झाला. आसावरी मागच्या खुर्चीवर बसली. बू जासिम दुर्बिणीला डोळा लावून उभे राहिले आणि प्रत्येक गोळीनंतर "तमाम", म्हणजे "बरोबर", म्हणत गेले. नऊ वेळा तमाम झालं.

दहाव्या गोळीआधी प्रताप थांबला. त्याच्या खांद्यावरून आसावरीला काही कळेना. नळी किंचित उजवीकडे सरकली की तिला तसा भास झाला?

"बस," बू जासिम अचानक म्हणाले. "ख़लास. उठ जा."

प्रतापने मान वळवली. "एक बाक़ी है."

"नहीं मंगता." त्यांनी दुर्बीण मिटली. आवाज खाली आला होता. "इस साल नौ में पास. दस का क़ायदा मेरे बाप का था, मैं ने भी कभी नहीं तोड़ा. जासिम के लिए भी नहीं तोड़ा. मगर मेरा घुटना दूसरे साल तक नहीं रुकेगा, और तेरे बिना मुझे जाने का नहीं है. दसवीं तेरी जाती है बाहर, जाने दे. हम किसी को नहीं बोलेगा."

त्यांनी आसावरीकडे बघून डोळा मिचकावला, पण डोळे हसत नव्हते. आयुष्यभर पाळलेली गोष्ट माणूस आपणहून मोडतो तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो, ते तिला दिसलं. प्रतापलाही दिसलं असावं, कारण त्याने मान हलवली.

"नहीं, बू जासिम," तो म्हणाला. "क़ायदा मत तोड़ो. मेरे लिए तो बिल्कुल नहीं."

तो पुन्हा निशाणाकडे वळला. आसावरीने त्याची पाठ वर आलेली पाहिली, मग अर्धी खाली, मग स्थिर. इतकी स्थिर, की शर्टावर बसलेली माशीही उडाली नाही. गोळी सुटली.

बू जासिमनी घाईघाईने दुर्बीण उघडली. नंतर ते काठी टेकत निशाणापर्यंत चालत गेले, कागद काढून घेऊन आले आणि टेबलावर पसरून त्यावर बशी ठेवली. बशीच्या कडेने हिरव्या पेनाची रेघ मारून ती उचलली. दहाही भोकं आत होती. दहावं नवव्याला घासून पडलं होतं.

"या सलाम!" ते ओरडले. त्यांनी प्रतापला मिठीत घेतलं, कपाळाला कपाळ लावलं. "देखा, उम् श्रेयस? देखा? यल्ला, दूसरे गुरुवार को निकलते हैं. मैं ड्राइवर कासम को बोलता हूँ, गाड़ी तैयार करे."

ते खिशातला फोन काढू लागले. प्रतापने त्यांचा हात धरला, फोनसकट. वाकून त्याने नवे बूट काढले, एकमेकांशेजारी नीट ठेवले आणि मोज्यांवरच उभा राहिला.

आसावरी खुर्चीतून उठली होती, पण पुढे गेली नाही.

"छह बरस मैं ने जान के बाहर मारी," प्रताप म्हणाला. "मेरे को माफ़ करो. मेरे से जानवर नहीं मारा जाता."

बू जासिम कागदाकडे बघत राहिले, मग त्याच्याकडे. प्रतापने त्यांचा हात पुन्हा धरला.

"मैं शिकार पे नहीं आऊँगा, बू जासिम. इस साल नहीं, कभी नहीं. शुक्रवार को आऊँगा. हर शुक्रवार."