अमरीनची चाचणी आणि मी, क्लॅरिनेट

मित्रांनो, मी तेल्हाऱ्याच्या अब्दुल रहीम बँडवाल्यांची जुनी क्लॅरिनेट आहे. काळ्या लाकडाची, मेरठच्या कारखान्यात घडलेली. वीस वर्षं मी वराती गाजवल्या. ‘रहीमभाईची क्लॅरिनेट बोलते,’ असं लोक म्हणत आणि मी फुलून जाई.

मग कापसाचं मातेरं झालं. २००६ साली तर लग्नं बँडाशिवाय, पाच माणसांत उरकू लागली. मी डब्यात पडून राहिले. मला बाहेर काढायची ती फक्त रहीमभाईंची लेक अमरीन.

बारावीला तिचे गुण थोडे कमी पडले. अकोल्याच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या यादीत तिचं नाव लागलं नाही. कलागुणांसाठी दोन जागा राखीव होत्या. तिथं वाजवून दाखवायचं होतं.

“बँडवाल्याची पोरगी म्हनून हसतीन तुले,” रहीमभाई म्हणाले.

“हसू द्या, अब्बा. मले केमिस्ट्री शिकाची हाये.”

चाचणीला तिनं मला ओठांशी धरलं आणि ऐन वेळी मीच दगा दिला. भोक झाकणाऱ्या खालच्या चावीची स्प्रिंग तुटली. भोक उघडं पडलं, सूर फाटला. परीक्षक सरांनी घड्याळ पाहिलं.

“वाद्यच धड नाही, तर तयारी काय असन? पुढचा, ये!”

मी शरमेनं मेले. रहीमभाई दारातून आत धावले, तर शिपायानं अडवलं.

“सर, एकच मिनिट,” अमरीन म्हणाली. तिनं वेणीचं रबर ओढून काढलं आणि दोन वेढे देऊन चावीवर घट्ट ताणलं. मग तिनं श्वास भरला. सूर लागला! वेणी सुटत गेली, पण ती थांबली नाही.

“संगीत विषय तर घेत नाहीस,” सर म्हणाले. “मंग हे काहून शिकली?”

“आवडते म्हनून.”

तीन दिवसांनी फलकावर दुसरं नाव तिचं होतं. रहीमभाईंनी ते बोट ठेवून तीनदा वाचलं.

जागा माझ्यामुळे मिळाली, पण टिकवली तिनं, अभ्यासानं. तीन वर्षं स्नेहसंमेलनात तिनं मला वाजवलं. पुढं ती शाळेत विज्ञान शिकवू लागली आणि मी कपाटात गेले. मला तिचा राग नाही. पण अकोल्याचा कोरडा उन्हाळा न पुसलेल्या लाकडाला कपाटातही सोसत नाही; माझ्या अंगाला तडा गेला आहे.

म्हणून मित्रांनो, प्रवेश झाला, बक्षीस मिळालं, की आपलं वाद्य विसरू नका. महिन्यातून एकदा तरी त्याला पुसा, वाजवा. त्या दिवशी तुम्हाला कुणीही गुण देणार नाही, तरीही वाजवा.