सतरावर एक रेघ

टेप पिवळी पडली होती, एका कडेने सुटून वर वळली होती, पण तिच्यावरची अक्षरं अजून ठणठणीत — 'हरीश. तीन गोल. ९ मार्च २००३.' बाबांचं अक्षर. निळं बॉलपेन, देवनागरी, शिरोरेघा पट्टी लावून ओढल्यासारख्या... तळहाताएवढी काळी रबरी चकती, आइस हॉकीचा पक, बावीस वर्षं हरीशच्या घरात कुठे ना कुठे मानाने बसलेला; आणि आत्ता, रविवारी सकाळी साडेनऊला, डायनिंग टेबलावर त्याच्या शेजारी त्याच तारखेच्या मॅचचा कागद उघडा पडला होता, आणि त्या कागदावर, त्याच अक्षरात लिहिलं होतं की हरीशने त्या दिवशी दोन गोल केले.

दोन.

छे, काहीतरी चुकतंय. त्याने पुन्हा मोजले. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या त्यांच्या ज्युनियर टीमला, ऑटर्सना, यंदा पंचवीस वर्षं झाली म्हणून क्लब एक पुस्तिका काढत होता — सगळ्या सीझनचा इतिहास, सगळी पोरं, कुणाचे किती गोल — आणि हे लष्कराच्या भाकऱ्या भाजायचं काम हौसेने हरीशने अंगावर घेतलं होतं. जुने मॅचचे कागद शूबॉक्समध्ये भरलेले. पहिली सात वर्षं ते बाबांनीच लिहिलेले. रविवारी रिंकच्या काठावर, स्कोअररच्या टेबलाशी, कानटोपी घालून. संध्याकाळपर्यंत मजकूर प्रिंटरकडे जायचा होता. दहा मिनिटांचं काम उरलं होतं, दहा मिनिटांचं!

तिसऱ्या गोलाच्या चौकटीत १७ लिहिलेलं होतं. हरीशचा नंबर. त्याच्यावर एकच आडवी रेघ होती, बाजूला ११, आणि त्याच्या बाजूला बाबांची इवलीशी आद्याक्षरं.

एकच रेघ. गिरगटलेलं नाही, पांढरी शाई नाही. कार फॅक्टरीत अठ्ठावीस वर्षं इन्स्पेक्टर होते बाबा. आकडा बदलायचा झाला तर खालचा वाचता आला पाहिजे आणि कुणी बदलला ते कळलं पाहिजे, ही तिथली शिस्त. घरी फॅक्टरीची पेन्सिल आणली नाही कधी या माणसाने. शेजारच्या मीनाक्षीकाकूंनी एकदा बसमध्ये पोराचं वय कमी सांगितलं, तर बाबा वर्षभर त्यांच्याशी तुटक बोलत होते. अशा माणसाच्या एका हाताने कागदावर दोन लिहावेत आणि दुसऱ्या हाताने पकवर तीन...

अकरा नंबर जोशचा.

मग त्याने करू नये ते केलं. त्या वर्षीचे सगळे कागद काढले आणि बेरीज केली. मिडलंड्सच्या विभागीय टीमसाठी दहा फॉरवर्ड घ्यायचे होते, पॉइंट्स बघून; एका गोलाचा एक पॉइंट. तेव्हा रिंकच्या दारावर यादी लागली ती नुसत्या नावांची, आकडे नव्हतेच. दहावा जोश. एकतीस पॉइंट्स. हरीशचे तीस.

एक. फक्त एक. ती रेघ नसती तर बरोब्बर उलट.

"चहा गार झाला की तुझा," मधुमती म्हणाली. बायको समोर उभी आहे हे त्याला आत्ता दिसलं. "काय रे? कुणी गेलं का?"

"नाही," तो म्हणाला. बाबा गेले ते तर दोन वर्षांपूर्वीच.

यादी लागली त्या दिवशी गाडीत तो ढसाढसा रडला होता. चौदा वर्षांचा घोडा! बाबा गाडी चालवत राहिले, मग थांबून चिप्स घेतले, व्हिनेगर जास्त टाकून, त्याला आवडायचे तसे, आणि म्हणाले, "नशीब असतं एकेकाचं." नशीब. वा रे नशीब! बाबा, नशीब तुमच्या खिशाला अडकवलेलं होतं, निळ्या टोपणाचं... आणि मी पुढच्याच महिन्यात स्केट्स विकले, आणि जोश पुढे वीस वर्षं खेळला, पेपरात आला, आज ऑटर्सचा हेड कोच आहे, आणि मी औषधांच्या बाटल्यांवर लेबलं लावतो. मला वाटत होतं मी कमी पडलो. एवढी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की बाबा रे, तू कमी पडलास, मान्य कर.

त्याने लंडनजवळ इल्फर्डला फोन लावला. सियोनकाका, जोशचे वडील, आता लेकीकडे, अदीनाकडे राहतात. मुंबईचे बेने इस्रायली. कॉव्हेंट्रीत असताना त्या टेबलावर बाबांच्या शेजारी घड्याळ तेच चालवायचे. शनिवारी मॅच असली की त्यांचा शब्बाथ, कामाला हात न लावायचा दिवस, मग घड्याळही बाबाच बघायचे. ही मॅच रविवारची होती.

"काका, नऊ मार्चची मॅच आठवते? माझा तिसरा गोल?"

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला. ऐंशी पार केलेल्या माणसाने 'कुठली मॅच रे?' म्हणायला हवं होतं. ते म्हणाले नाहीत.

"रेफरी टेबलासमोरच्या खिडकीशी आला, सेव्हन्टीन म्हणाला," काका सावकाश म्हणाले. "शशीने, तुझ्या बाबाने, लिहिलं सतरा. मग खोडलं. मी म्हटलं, शशी, व्हॉट आर यू डूइंग? तर माझ्याकडे न बघता म्हणाला, सियोन, घड्याळ सुरू कर."

"आणि तुम्ही?"

"माझ्या पोराचा फायदा होता रे, हरीश. मी घड्याळ सुरू केलं."

"पण का, काका? बाबांनी का केलं?"

"मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने कदाचित परत बदललं असतं. जानेवारीत तू डोक्यावर पडला होतास, तुझी आई किती रडली... ते असेल. तुझा अभ्यास असेल. आय डोन्ट नो, बेटा. जोशला सांगू नकोस. प्लीज. त्याला ठाऊक नाही."

फोन ठेवून त्याने पक उचलला. बाबांनी दिलेली ही भेट नव्हती तर. हा कबुलीजबाब होता, आणि मी त्याच्यावरची धूळ पुसत आलो.

"डॅड, माझी स्टिक कुठे आहे? वी आर लेट!" तनिषा जिन्यावरून ओरडली.

बारा वर्षांची तनिषा आता ऑटर्सकडून खेळते. सतरा नंबर तिने हट्टाने मागून घेतलाय. पुढच्या आठवड्यात मिडलंड्सची यादी लागणार. आता पोरगी आतल्या यादीत की बाहेरच्या, हे असंच एकदोन पॉइंट्सवर लटकलेलं. आणि स्कोअररच्या टेबलावर गेली तीन वर्षं कोण बसतं? हरीश. बाबांची खुर्ची म्हणून कौतुकाने घेतलेली.

रिंकवर तोच गारठा, तोच रबराचा वास. जोश दारातच भेटला. "ऑल राइट, मेट? पुस्तिका झाली का रे?" त्याने हरीशच्या पाठीवर थाप मारली, आणि हरीशला त्या मोकळ्या, निर्मळ चेहऱ्याचा इतका राग आला की तो स्वतःच दचकला. याचा काय दोष? काडीचाही नाही.

"होतेय," तो म्हणाला. कोटाच्या खिशात पक होता. कशाला आणला होता कोण जाणे.

टेबलाशी घड्याळावर आज मायकेला होती, गोलकीपरची आई. खेळ सुरू झाला. सकाळपासून हरीशने मनाशी एक धागा धरून ठेवला होता — की बाबांना दिसलं असेल काहीतरी, जोशच्या स्टिकला लागून गेला असेल पक, रेफरी चुकला असेल आणि बाबांनी दुरुस्त केलं असेल... पण मग टेपवर तीन का लिहिले? धागा तुटायचा, तो परत बांधायचा.

शेवटच्या मिनिटांत गोलसमोर झुंबड उडाली. पाच-सहा पोरं, पाय, स्टिक्स, आणि त्या गर्दीतून पक आत गेला. तनिषाच्या स्टिकवरून. स्वच्छ दिसलं. या खुर्चीतून सगळं स्वच्छ दिसतं, हे त्याला तीन वर्षं माहीत होतं आणि आज सकाळपासून तो ते मुद्दाम विसरला होता.

तनिषा हात वर करून वळली, आणि मागून येणारा एक दांडगा मुलगा तिच्यावर आदळला. ती आडवी झाली. हेल्मेट बर्फावर आपटल्याचा आवाज टेबलापर्यंत आला. गेल्याच महिन्यात अशीच पडली होती, गाडीत उलटी झाली होती, आणि दोन दिवस मधुमती रात्री तिला हलवून हलवून उठवत होती... एक, दोन, तीन, चार... ती उठली. हसली. टेबलाकडे बघून तिने स्टिक उंचावली.

रेफरी खिडकीशी आला. "सेव्हन्टीन. नो असिस्ट." म्हणजे पास कुणाचा नाही, गोल एकट्या तनिषाचा.

हरीशने १७ लिहिलं. अक्षर नीट आलं. पेन मात्र उचललं गेलं नाही. १च्या डावीकडे टोक टेकून राहिलं, आणि त्याच्या मनात, कुणी कानात सांगितल्यासारखं, आलं की एक रेघ. बाजूला आद्याक्षरं. मॅच संपल्यावर रेफरी न बघताच सही करतो. घरी जाताना चिप्स घेऊ.

बाबा, इतकं सोपं होतं हे? सकाळपासून तुम्हाला शिव्या घालतोय, आणि हात तर माझाच आहे हा.

"हरीश?" मायकेलाचं बोट बटणावर होतं. "घड्याळ सुरू करू?"

"थांब," तो म्हणाला. पेन अजून तिथेच होतं. "एक मिनिट. थांब जरा."