मी दुरुस्त होणार नाही

मी एक जुना इन्क्युबेटर आहे. जुना आहे, बिघडलेला आहे आणि मला दुरुस्त व्हायचे नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मित्रांनो, माझी गोष्ट ऐकताना तुम्ही उगाच हळहळत बसणार नाही.

इन्क्युबेटर म्हटले की तुम्हाला नाजूक बाळांना ठेवायची काचेची पेटी आठवेल. तो माझा लाडावलेला चुलतभाऊ. मी म्हणजे एक लोखंडी कपाट. मला दोन दारे आहेत, आतले काचेचे आणि बाहेरचे पत्र्याचे. तळाशी तापणारी तार आहे आणि कपाळावर एक गोल बटण. बटण फिरवून सांगाल तितकी ऊब आत धरून ठेवायची, एवढेच माझे काम. कारखान्यातून निघालो तेव्हा माझा रंग पांढराशुभ्र होता आणि दार अगदी अलगद लागत असे.

माझी पहिली नोकरी एका रुग्णालयाच्या तपासणीच्या खोलीत. आजारी माणसांच्या घशातले, जखमांतले जंतू लहान बशांमध्ये घालून माझ्या पोटात ठेवत. त्या जंतूंना माणसाच्या अंगाइतकीच ऊब लागते. मी तेवढी देत असे, कमी नाही की जास्त नाही. सकाळी बशांवर ठिपके उगवलेले असत आणि ते पाहून डॉक्टर औषध ठरवत. "हा कधी दगा देत नाही," असे तिथल्या तपासनीसबाई येईल त्याला सांगत. ते ऐकून मी नुसता फुगून जात असे. सांगितले तेवढे करावे आणि शाबासकी घ्यावी, यातच मला धन्यता वाटत होती.

मग एके दिवशी माझ्या आतली एक पट्टी अडकली. पुरेसे तापले की तार बंद करायची, हे त्या पट्टीचे काम. आता बटण कुठेही फिरवा, मी आपला तापतच जाई आणि हाताला चटका बसेल इतका तापल्यावरच थांबे. बशांतले सगळे जंतू मेले. "काढा ही भट्टी इथून!" त्याच तपासनीसबाई ओरडल्या. कामापुरता मामा कशाला म्हणतात, ते मला त्या दिवशी कळले.

तिथून माझी रवानगी एका विज्ञान संस्थेत झाली, पण कामावर नव्हे. दुसऱ्या मजल्याच्या बोळात मला भिंतीला टेकवून ठेवले. माझ्या डोक्यावर लोक ओल्या छत्र्या ठेवत, जेवणाचे डबे ठेवत आणि विसरून जात. कुणीतरी एक सुकलेली कुंडीही आणून ठेवली. मित्रांनो, मला फार राग येई. माझी तार शाबूत होती, दारे शाबूत होती, अंगात रग होती. मी फक्त त्यांना हवा त्यापेक्षा जास्त तापत होतो. हा काय गुन्हा झाला?

त्याच बोळातून रोज एक बाई जात. त्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करत, पण साध्यासुध्या नव्हे. जिथे बाकीचे जीव पाच मिनिटे टिकणार नाहीत, अशा जागी सुखाने नांदणारे जीव त्यांना आवडत. कढत पाण्याच्या झऱ्यांवर त्यांचा मुक्काम असे आणि परत आल्या की कपड्यांना गंधकाचा वास येई. म्हणून सगळे पाठीमागे त्यांना 'गंधकबाई' म्हणत. त्यांना ते ठाऊक होते. फोन उचलून त्या स्वतःच म्हणत, "हां, बोला, गंधकबाईच बोलतेय."

एकदा त्यांनी माझ्या डोक्यावरची कुंडी उतरवली आणि माझी पिन भिंतीत खुपसून पाहिली. थोड्या वेळाने आत तापमापक ठेवला. मग एकदम टाळी वाजवली.

"अगं बाई! हा तर माझ्या झऱ्याइतकाच तापतो!"

संस्थेचे वायरमनकाका शिडी घेऊन चालले होते. ते म्हणाले, "मॅडम, तो बिघडलाय."

"कुणासाठी?" बाईंनी विचारले.

हा एक शब्द ऐकायला मी किती वर्षे त्या बोळात उभा होतो!

बाईंनी मला आपल्या खोलीत नेले. माझ्या पोटात सैल बुचांच्या बाटल्या आल्या. प्रत्येकीत झऱ्याचे पाणी, तळाला काळा गाळ आणि वर तरंगणारे पांढरे धागे. हे धागे म्हणजे जिवंत सूक्ष्मजीवांच्या माळा. झऱ्याबाहेर ते आजवर कुणालाच जगवता आले नव्हते. जो तो त्यांना एकेकटे काढून, धुऊन, चकचकीत बाटलीत ठेवी आणि ते मरत. बाईंचे म्हणणे वेगळे होते. गाळातले जीव जो कुबट वायू सोडतात, तोच या धाग्यांचा घास. शेजाऱ्यांसकट आणले तरच ते राहतील. आणि मित्रांनो, ते राहिले! माझ्या चटका देणाऱ्या पोटात ते दिवसेंदिवस लांब होत गेले.

मात्र नासक्या अंड्यांचा वास सगळ्या मजल्यावर पसरला. विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसते 'सर' म्हणत, रोज नाकाला रुमाल लावून येत. "बाई, याला संशोधन म्हणत नाहीत, डबकं म्हणतात. एक बाटली, एक जीव, असं काही स्वच्छ दाखवा. आणि आधी हा वास आवरा."

"वास आहे म्हणून तर ते आहेत, सर," बाई म्हणत आणि कामाला लागत.

मग पाहणी करणारी समिती येणार असे ठरले. बाईंचे काम चालू ठेवायचे की खोली काढून घ्यायची, ते समितीच्या हाती होते. सरांनी वायरमनकाकांना हुकूम सोडला, "काही म्हणजे काही मोडकं दिसता कामा नये." आदल्या संध्याकाळी बाई घरी गेल्यावर काका आले. बिचारे मनाने फार चांगले. त्यांनी माझी अडकलेली पट्टी काढून नवी बसवली आणि बटण माणसाच्या अंगाइतक्या उबेवर आणले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "झालास बाबा शहाणा!"

मला तोंड असते तर मी सारी इमारत डोक्यावर घेतली असती. माझ्या पोटातली ऊब उतरत होती, धागे एकेक करून खाली बसत होते, आणि मी शहाण्यासारखा गप्प होतो. इतका अपमान मला त्या कुंडीनेही वाटला नव्हता.

सकाळी सर समितीला घेऊन खोलीत शिरले आणि खूश झाले. "वा! आज अजिबात वास नाही."

धावत येऊन बाईंनी माझी दोन्ही दारे उघडली आणि आत तळहात टेकवला. चटका बसला नाही.

समितीतल्या एका गृहस्थांनी बाटली उजेडात धरली. "यात जिवंत काय आहे?"

"आज दाखवता येणार नाही," बाई म्हणाल्या. "पेटी गार पडली. ते मेलेत की नुसते थांबलेत, मलाही माहीत नाही. थोडी मुदत द्या."

"मुदत कशाला? इतके महिने निदान वास तरी होता," सर म्हणाले. "आज तोही नाही."

खोली रिकामी करायची ठरली. बाई रडल्या नाहीत. "खोली घ्या. बाटल्या आणि ही पेटी मी नेते."

"न्या की! भंगारच आहे ते."

दाराशी वायरमनकाका मान खाली घालून उभे होते. "मॅडम, मीच दुरुस्त केला हो त्याला."

"मग आता बिघडवून द्या. होता तसा."

काका डोके खाजवू लागले. "उभा जन्म लोक दुरुस्त करा म्हणून मागे लागले. बिघडवा म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या!" पण वायरमन माणूस काही फेकून देत नाही. जुनी पट्टी त्यांच्या पिशवीतच होती. सुटीच्या दिवशी बाईंच्या घरी येऊन त्यांनी ती मला परत बसवली, आणि मी असा तापलो म्हणता!

घरी बाई आणि त्यांच्या सासूबाई, दोघीच. मी मागच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. "लोकांच्या सुना घरात फ्रीज आणतात, आमच्या सूनबाईंनी भट्टी आणली."

दिवस जात होते. बाटल्यांत काही हलत नव्हते. बाई कामे उरकून माझ्यासमोर स्टूल टाकून बसत.

"आणि नाही उठले तर गं?" सासूबाईंनी एकदा हळूच विचारले.

"तर नाही उठले. पण आई, झरा कधी गार होतो, कधी आटतो, तरी हे दम धरून बसतात. वाट बघितल्याशिवाय मी त्यांना मेलेलं म्हणणार नाही."

मी होती नव्हती तेवढी ताकद लावून तापत राहिलो. मलाही भंगार म्हटले होते, मित्रांनो. ते खोटे ठरवायची माझी ही शेवटची संधी होती.

एका दुपारी सासूबाई वाळलेले कपडे काढायला आल्या. नाक वर करून त्यांनी एकदा हुंगले, परत हुंगले, आणि ओरडल्या, "सूनबाई, अगं धाव! तुझी पेटी नासली गं, नासली!"

बाई साबणाच्या हातांनी धावत आल्या. काळ्या गाळातून बारीक बुडबुडे वर येत होते. घाण वास सुटला होता, आणि त्या दोघी त्या वासात उभ्या राहून हसत होत्या. आधी शेजारी उठले. मग काही दिवसांनी पांढरे धागेही वर आले.

बाईंनी मला हातगाडीवर घालून संस्थेत परत नेले आणि बरोबर सरांच्या दारासमोर, त्याच जुन्या बोळात, उभे केले. पिन लावली आणि दार सताड उघडले.

सर रुमाल घेऊन बाहेर आले. "कसला हा वास?"

"जिवंत असल्याचा," बाई म्हणाल्या. "गार पडून परत उठलेत. बघा."

सरांनी बाटली हातात घेतली. कितीतरी वेळ ते त्या धाग्यांकडे पाहत राहिले. रुमाल केव्हा खाली आला, त्यांचे त्यांनाही कळले नाही. "वेगळे काढलेत का?"

"नाही. काढणारही नाही."

समितीला पुन्हा बोलवावे लागले. आता बाईंना त्यांची खोली मिळाली आहे आणि मी तिच्या मधोमध उभा आहे. मजल्यावरचे लोक अजून नाक धरतात. धरू देत.

जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे सांगून मी आता हात जोडावेत, अशी रीत आहे. मी जोडणार नाही. काळजी तर वायरमनकाकांनीही घेतली होती. माझे म्हणणे एवढेच की, कुणालाही शहाणा करायला निघण्याआधी दार उघडून आत कोण राहते ते बघा. काकांना ते पटले आहे. त्यांनी स्वतःच लाल रंग आणून माझ्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: "बिघडलेला आहे. दुरुस्त करू नये."